नारळाएवढा पंप

पंप म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे काय येतं? सोसायटीच्या पार्किंगमधलं घुर्रघुर्र करणारं धूड, शेजारी खुर्ची टाकून बसलेला वॉचमन आणि सहाव्या मजल्यावरून आलेली 'अहो, टाकी वाहतेय!' ही आरोळी. आपला पंप पाणी वर चढवतो. म्हणून आपण त्याची लायकी एकाच आकड्यात मोजतो. किती एचपी? गावाकडे तर हा आकडा मिशीला पीळ देऊन सांगतात. 'आमच्या विहिरीवर साडेसातची मोटर आहे' हे वाक्य लग्नाच्या बैठकीतही चालतं.

आता जरा वेगळा पंप डोळ्यांपुढे आणा. आकार नारळाएवढा. वीज खातो जुन्या पिवळ्या बल्बएवढी. आवाज जवळपास नाहीच. पाणी कुठल्याही टाकीत चढवत नाही. पण जानेवारीतल्या एखाद्या रात्री तो बंद पडला, तर अख्खं घर सकाळपर्यंत फ्रीजर होऊ शकतं.

या पंपाला सर्क्युलेटर म्हणतात. बाहेर बर्फ असलेल्या देशांत तो लाखो घरांच्या तळघरात गपचूप फिरत असतो. माझी त्याच्याशी ओळख झाली ती माझ्या मावसबहिणीमुळे. आम्ही तिला ताई म्हणतो. ताई आणि जिजू अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतात. जिजूंचं ऑफिस लॅपटॉपमध्ये मावायला लागल्यावर दोघांनी मिनियापोलिसचा फ्लॅट सोडला आणि उत्तरेला, ड्युलुथच्याही पुढे, जंगलाला लागून एक घर घेतलं. फोटो बघून आम्ही सगळे जळलो. मागे झाडं, पुढे तळं, मधे लाल छपराचं घर. आणि घरापासून 120 फुटांवर एक छोटी पत्र्याची खोली, तिच्यावर धुराडं.

ती खोली म्हणजे आउटडोअर वुड बॉयलर.

बंब, पण अमेरिकन साइझचा

आजीकडचा तांब्याचा बंब आठवतोय? मधे विस्तव, भोवती पाणी. फंडा तोच, फक्त साइझ प्रचंड. पत्र्याच्या खोलीत मोठी भट्टी, तिच्याभोवती शेकडो लिटर पाणी. सकाळ-संध्याकाळ ओंडके टाकायचे. पाणी 180 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या 82 सेल्सिअसपर्यंत तापतं. तिथून जमिनीखालच्या, फोमचं जाड जाकीट घातलेल्या प्लॅस्टिकच्या नळीतून ते घरात येतं. तळघरात एक्स्चेंजर असतो, गाडीच्या रेडिएटरसारखा. त्याच्यातून फुंकलेली हवा गरम होऊन खोल्याखोल्यांत जाते. थंड झालेलं पाणी दुसऱ्या नळीतून परत भट्टीकडे. फिरून तेच.

हे सगळं फिरवतो कोण? आपला नारळ. तो घरातल्या गिझरसारखा लागेल तेव्हा चालू करायचा नसतो. हिवाळाभर चोवीस तास. कारण पाणी थांबलं तर जमिनीतली नळी गोठू शकते. आणि मिनेसोटा म्हणजे गंमत नाही. याच राज्यात टॉवर नावाच्या गावाजवळ 2 फेब्रुवारी 1996 ला उणे 60 फॅरनहाइट नोंदलं गेलंय. सेल्सिअसमध्ये उणे 51!

पहिला हिवाळा आला आणि ताईच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो बंद झाले. फोन यायला लागले. भट्टी रसरसलेली, पाणी 180 अंशांवर, लाकडं भराभर जळतायत आणि बेडरूममध्ये 13 सेल्सिअस. घरात आठ महिन्यांचं बाळ. रात्री नाइलाजानं गॅसची फर्नेस चालू करायची. टँकरनं येणाऱ्या त्या प्रोपेनचं बिल बघून जिजू गप्प, आणि ताईचं एकच पालुपद, 'हे घर विकू या.'

तिथल्या एका कॉन्ट्रॅक्टरनं सांगितलं, सगळं खणून जाड नळी टाका. खर्च काही हजार डॉलर. दुसरा म्हणाला, मोठ्यात मोठा पंप लावा, काम संपलं. दोघांनी सल्ला दिला. दोघांपैकी कोणीही खिशातून थर्मामीटर काढला नाही.

मामाची एंट्री

आमचे मामा पलूसला असतात. किर्लोस्करवाडी तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे त्या भागात पंप हा विषय पोरांना पाळण्यातच मिळतो. मामांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. उसाच्या पट्ट्यातल्या किती विहिरींचे पंप त्यांनी निवडून दिले असतील, त्यांचं त्यांनाच माहीत. बर्फ मात्र त्यांनी रसवंतीत सोडून कुठे पाहिलेला नाही. तरी ताईनं शेवटी त्यांनाच व्हिडिओ कॉल लावला. मी पण लाइनवर होते, कारण असं काही ऐकलं की माझ्यातली पत्रकार जागी होते.

मामांचा पहिला प्रश्न, 'हेड किती?'

जिजू म्हणाले, 'मामा, घर दोन मजली आहे. पंचवीस फूट धरा.'

'एक्स्चेंजर कुठं बसवलाय?'

'तळघरात.'

'मग मजले कशाला सांगताय? आणि पाणी चढवायचंय कुठं? फिरवायचंय नुस्तं. नळी आधीच भरलेली आहे न्हवं?'

मुद्दा एकदम बेसिक आहे आणि नव्वद टक्के लोक इथेच घसरतील. जत्रेतला आकाशपाळणा बघा. एका बाजूनं माणसं वर जातात, तेवढीच दुसऱ्या बाजूनं खाली येतात. वजन तोललेलं असतं, मोटरला फक्त चाकाची कुरकुर सहन करायची असते. भरलेल्या, गोल फिरणाऱ्या नळीत तसंच. वर जाणाऱ्या पाण्याचा भार खाली येणारं पाणी तोलतं. पंपाला झगडायचं असतं ते उंचीशी नाही, घर्षणाशी. नळीच्या आतल्या भिंतीला, कोपऱ्यांना, एक्स्चेंजरच्या बारीक वाटांना घासत जाताना पाण्याचा जो जोर खर्च होतो, तेच इथलं हेड. मोजतात मात्र फुटांतच, म्हणून घोळ होतो.

दुसरा प्रश्न, 'पाणी किती लागतंय?'

याचं उत्तर घराच्या भुकेवर ठरतं. ताईच्या घराला कडाक्याच्या थंडीत तासाला साधारण एक लाख बीटीयू लागतात. बीटीयू म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगते. तुमचा दीड टनाचा एसी तासाला 18,000 बीटीयू उष्णता घराबाहेर फेकतो. म्हणजे असे साडेपाच एसी उलटे चालवून जेवढी उष्णता आत येईल, तेवढी या एका घराला हवी.

आता एक छोटं सूत्र. घाबरू नका, पाचवीचं गणित आहे. मिनिटाला जितके गॅलन पाणी फिरतं, गुणिले 500, गुणिले जाताना-येतानाच्या पाण्यातला फॅरनहाइटमधला फरक. उत्तर तासाला मिळणारे बीटीयू. (500 हा आकडा आकाशातून पडलेला नाही. एक अमेरिकन गॅलन पाणी 8.33 पौंडांचं, तासाची मिनिटं 60. करा गुणाकार.) फरक वीस अंशांचा धरण्याची पद्धत आहे. म्हणजे एक लाख बीटीयूसाठी मिनिटाला 10 गॅलन, आपले 38 लिटर.

'आणि आत्ता किती फिरतंय?' मामांचा तिसरा प्रश्न. तिकडे शांतता.

काळी टेप आणि तीन आकडे

जिजूंनी दुसऱ्या दिवशी एक इन्फ्रारेड थर्मामीटर आणला, पिस्तुलासारखा दिसतो तो. चकचकीत तांब्यावर हे पिस्तूल चक्क खोटं बोलतं, म्हणून पाइपांवर आधी काळी टेप चिकटवायची. मग तीन ठिकाणी नेम धरला. भट्टीतून निघताना पाणी 180. घरात शिरताना 178. घरातून परत जाताना 143.

फक्त तीन आकडे, पण अख्खी कुंडली त्यात होती.

180 आणि 178 मध्ये फरक दोनच अंशांचा. म्हणजे जमिनीतली नळी ठणठणीत आहे. तिच्या जाकिटात पाणी शिरलेलं नाही. स्वस्तातली नळी टाकली की हे हमखास होतं. मग अंगणातल्या बर्फात नळीच्या मार्गावर काळी, वितळलेली रेघ दिसते आणि तुमची लाकडं घराऐवजी गांडुळांना ऊब देतात. तसं असेल तर कितीही भारी पंप लावा, उपयोग शून्य.

घरातला फरक मात्र 35 अंशांचा. वीसच्या जागी पस्तीस. पाणी इतकं रेंगाळत फिरत होतं की एक्स्चेंजरमधून बाहेर पडेपर्यंत त्याचा जीव गेलेला असायचा. जुन्या मालकानं लावलेला पंप साधारण अकरा फूट हेडच्या वर्गातला होता. नळी एक इंची, जाऊन-येऊन 240 फूट. मामांनी हिशेब केला. मिनिटाला 5 गॅलन. 5 गुणिले 500 गुणिले 35, म्हणजे 87,500 बीटीयू. लाखाची भूक, ताटात साडेसत्याऐंशी हजार. बाळाची खोली डक्टच्या सगळ्यात शेवटी, तिच्या वाट्याला उरलंसुरलं.

आणखी एक धोका होता, तो तर कोणाच्या लक्षातच आला नव्हता. परतीचं पाणी 140 अंशांच्या खाली गेलं की भट्टीच्या आतल्या भिंतीवर धुरातली वाफ घामासारखी जमते. डांबरट राळ साचते आणि लोखंड गंजतं. 143 म्हणजे अगदी काठावर. विस्तव थोडा मंदावला की खालीच. हळू पंप नुसती खोली थंड ठेवत नव्हता, भट्टीचं आयुष्यही खात होता.

दुप्पट पाणी, चौपट जोर

मग पंप दुप्पट ताकदीचा घेऊ, असं जिजूंना वाटलं. मामा हसले. नळीतलं पाणी दुप्पट करायचं तर घर्षण दुप्पट होत नाही, जवळपास चौपट होतं. ताईच्या नळीत 5 गॅलनला साधारण 10 फूट हेड लागतं. 8 गॅलनला 23. आणि 10 गॅलनला 35! हीच नळी सव्वा इंची असती, तर 10 गॅलनला 18 फुटांवर भागलं असतं. पाव इंचाची कंजुषी, निम्म्या हेडचा फरक. म्हणून तुमचा कोणी मित्र तिकडे नवीन सिस्टिम बसवत असेल तर त्याला सांगा, पैसे नळीवर खर्च कर. पंप तासाभरात बदलता येतो, जमिनीतली नळी नाही.

मामांनी आलेखाचा कागद घेतला. आडव्या रेघेवर पाणी, उभ्या रेघेवर हेड. नळीची रेघ काढली, ती डावीकडून उजवीकडे वर चढत जाते. प्रत्येक पंपाच्या माहितीपत्रकातही एक रेघ असते, ती खाली उतरत जाते. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तेवढंच पाणी फिरणार. कंपनीचा सेल्समन काहीही बोलो. पंपाच्या डब्यावर जे आकडे ठळक छापलेले असतात, ते या रेघेची फक्त दोन टोकं असतात. टेको कंपनीचा 007 नावाचा लोकप्रिय पंप घ्या (हो, खरंच जेम्स बाँड!). जास्तीत जास्त 11 फूट हेड, जास्तीत जास्त 23 गॅलन. पण दोन्ही एकाच वेळी कधीच नाही. ग्रुंडफॉसच्या 15-58 मधला 58 म्हणजे कमाल हेड 5.8 मीटर, 19 फूट. तेही पाणी जवळपास थांबलेलं असताना.

मग ताईनं काय घेतलं? तीस फूट हेडच्या वर्गातला, तीन स्पीडचा पंप. त्याची रेघ तिच्या नळीच्या रेघेला 8 गॅलनच्या आसपास छेदते. 8 गुणिले 500 गुणिले 25, बरोब्बर एक लाख. फरक वीसऐवजी पंचवीस अंशांचा राहतो, पण वीस हा काही वेदातला आकडा नव्हे. खणायची गरज नाही. त्याहून मोठा पंप घेऊन 10 गॅलनच्या मागे धावायचीही नाही.

फुकट काही मिळत नाही, हेही सांगते. जुना पंप 80 वॉट खायचा, हा सगळ्यात वरच्या स्पीडवर 200. सहा महिने चोवीस तास धरले तर 346 युनिटऐवजी 864. युनिटला 15 सेंट धरले तर हिवाळ्याला 78 डॉलर जास्त. थंडी कमी असेल तेव्हा स्पीड उतरवायचा, तेवढेच वाचतील. खणायच्या हजारो डॉलरपुढे हे काहीच नाही.

डब्यावर न छापलेल्या गोष्टी

निवड इथे संपत नाही. पुढचे मुद्दे दिसायला किरकोळ, पण पंपाचं आयुष्य त्यांच्यावरच ठरतं.

पहिला म्हणजे धातू. बहुतेक आउटडोअर बॉयलर वरून हवेला उघडे असतात, प्रेशर कुकरसारखे बंद नाहीत. पाण्यात ऑक्सिजन मिसळत राहतो आणि साधं बीड गंजतं. म्हणून पंपाची बॉडी स्टेनलेस किंवा ब्राँझची बरी. शिवाय पाण्यात गंजरोधक औषध घालून दरवर्षी ते तपासायचं. पंप कुठलाही असो, यातून सुटका नाही.

दुसरा, हल्लीचे 'स्मार्ट' पंप. त्यांच्या मोटरमध्ये कायमचे चुंबक असतात, स्पीड आपोआप कमी-जास्त होतो आणि वीज खूपच कमी लागते. युरोपात 2013 पासून कायद्यानंच असे काटकसरी पंप लागतात. टेम्प्टिंग आहे! पण उघड्या बॉयलरच्या पाण्यात लोखंडाचा काळा गाळ असतो आणि चुंबक त्याला मिठी मारतो. घ्यायचाच तर आधी गाळ पकडणारा चुंबकी फिल्टर बसवा. ताईनं आधी पाणी स्वच्छ करायचं ठरवलं, स्मार्टपणा नंतर.

तिसरा, जागा. पंप भट्टीच्या पाठीमागे, खालच्या बाजूला, गरम पाणी घराकडे ढकलेल असा. लांबून ओढायला लावलात तर उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात त्याच्या तोंडाशीच वाफेचे बुडबुडे होतात, आणि तोच खडखड करत स्वतःला कुरतडतो. दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह हवेतच. ते नसले तर पंप बदलताना शेकडो लिटर औषधी पाणी बर्फात ओतायची वेळ येते.

चौथा मुद्दा आपल्या खास ओळखीचा. लाइट गेली तर? लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या पिढीला हे शिकवावं लागत नाही. जिजूंना मात्र दोन हिवाळी वादळं बघावी लागली. 200 वॉटचा पंप म्हणजे दोन-तीन पंख्यांचा लोड. एक शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर आणि बॅटरी त्याला काही तास जिवंत ठेवते, तेवढ्यात जनरेटर काढता येतो.

आणि धुराचं काय, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. जुन्या बॉयलरांचा धूर शेजाऱ्यांच्या नाकात जायचा आणि त्यावरून भांडणं व्हायची. व्हरमाँट राज्यानं 1997 मध्येच शेजारच्या घरापासून 200 फुटांचं अंतर ठेवायचा नियम केला. देशभरासाठी नियम 2015 मध्ये आले आणि मे 2020 पासून नव्या बॉयलरच्या धुराची मर्यादा आणखी कडक झाली. पंप यात थेट काही करत नाही. पण घराला पुरेशी ऊब पोचली की लाकूड कोंबत बसावं लागत नाही. आणि लाकूड वर्षभर वाळवलेलंच हवं, ओलं जाळलं तर धूरच धूर.

ताईचा नवा पंप ऑक्टोबरमध्ये बसला. उणे 30 सेल्सिअसच्या पहिल्या रात्री तिनं काळ्या टेपवर पिस्तूल धरलं. आत येताना 179, जाताना 154. बेडरूममध्ये 20 सेल्सिअस. प्रोपेनची फर्नेस रात्रभर गप्प होती. घर विकायचा विषय तूर्तास बंद आहे, असं जिजू सांगतात. 'तूर्तास' हा शब्द ताईचा.

आपल्याला या पंपाची गरज पडायची शक्यता कमीच. पण आपण सगळे आकडा मोठा बघून वस्तू घेणारी माणसं आहोत. मेगापिक्सेल, जीबी, एचपी, स्क्वेअर फूट. दुकानात शिरायच्या आधी एकदा 'काम नेमकं किती आहे?' हे मोजायचं आपल्याला सुचतच नाही, कारण मोजायला वेळ लागतो आणि कार्ड स्वाइप करायला दोन सेकंद. मामांनी एकही पंप न बघता, साडेबारा हजार किलोमीटरवरून, तीन प्रश्न आणि तीन आकड्यांवर हे प्रकरण मिटवलं. फी म्हणून त्यांनी एकच अट घातली होती. जुना पंप फेकायचा नाही, साफ करून व्हॉल्व्हच्या शेजारच्या फळीवर ठेवायचा. नवा मध्यरात्री दगावला, तर 87 हजार बीटीयूसुद्धा बाळाला सकाळपर्यंत पुरतात.